शिरूर-दौंडची भीमा

भीमा म्हटली म्हणजे वाचकांस एकदम पंढरपूर आठवतें, आणि फार तर भीमाशंकर. उगम आणि क्षेत्र यांच्या मध्यें ही नदी कोठून कशी जाते, याची चौकशी आपण सहसा करीत नाहीं. दौंडचा पूल आगगाडींतून ओलांडतांना आम्हींही कित्येक वर्षें हातांतल्या पुस्तकांतून मान वर केली नव्हती. परंतु भीमेचा खरा इतिहास या मधल्या टप्प्यांत, म्हणजे शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत, घडलेला आहे असें आमचें मत अलीकडे झालें आहे.

प्रथम भूगोल पाहूं. भीमाशंकराच्या माथ्यावर पावसाळ्यांत आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस शंभर-सव्वाशें किलोमीटरांवर दौंडास वर्षाकांठीं जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास पडतो. अर्थात् येथील नदी वाहते ती परक्या पावसावर. कृष्णेस मिळेपर्यंत सुमारें 860 किलोमीटर धांवणाऱ्या या नदीस तुळापुरापाशीं इंद्रायणी येऊन मिळते, पुढें वेळ, नंतर रांजणगांव सांडसापाशीं मुळामुठा (अष्टविनायकांतील रांजणगांव निराळें, दोन्ही एकाच तालुक्यांत असल्यानें पुष्कळांचा घोटाळा होतो), आणि शेवटीं कुकडीला पोटांत घेऊन आलेली घोड. आभाळ कोरडें आणि नदी मात्र भरलेली, अशी या मुलखाची चमत्कारिक स्थिति आहे.

या स्थितीचा उपयोग करून घेणारे पहिले लोक कोण, हें आपणांस आतां बरेंच माहीत आहे. शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या उजव्या तीरीं इनामगांव म्हणून खेडें आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, अन्सारी, ढवळीकर आदि विद्वानांनीं 1968 पासून पुढें जवळजवळ पंधरा वर्षें उत्खनन केलें. त्यांत इसवी सनापूर्वीं सुमारें 1600 ते 700 या काळांतील शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आली. त्यांचीं घरें, चुली, धान्याचीं पेवें सांपडलीं. मृतांस ते राहत्या घराच्या जमिनीखालीं पुरीत, आणि प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडून मग पुरीत, हेंही दिसून आलें. मृताचें भूत होऊन दूर जाऊं नये म्हणून असें करीत, असा तर्क आहे. पण आम्हांस त्याहूनही नवल वाटलें तें त्यांनीं पुराच्या पाण्यासाठीं खणलेल्या पाटाचें व बांधलेल्या दगडमातीच्या बांधाचें. पाटबंधारे खातें निघण्यापूर्वीं तीन हजार वर्षें घोडेच्या काठच्या लोकांनीं नदीला आपल्या शेताकडे वळविलें होतें! पुढें इ. स. पूर्व 1000 च्या सुमारास हवा कोरडी पडत गेली असावी. गहूं नाहींसा झाला, चौकोनी घरांच्या जागीं गोल झोंपड्या आल्या, लोक शेळ्यामेंढ्यांवर व शिकारीवर निर्वाह करूं लागले. आणि अखेर गांव उठला. तेथील एका भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगविलेली आहे. ती परलोकाच्या नदीवरची असो वा घोडेवरची, रंगविणारास नाव परिचयाची होती एवढें खास.

मधल्या अनेक शतकांचा वृत्तांत येथें द्यावयास नको. 1689 सालीं संभाजीमहाराजांस भीमाकाठच्या बहादूरगडास, म्हणजे पेडगांवास, औरंगजेबापुढें आणिलें व पुढें तुळापुरीं त्यांचा वध झाला, हें सर्वांस ठाऊक आहे.

1 जानेवारी 1818 ची कोरेगांवची लढाई मात्र नदीच्या दृष्टीनें पुन्हां वाचण्यासारखी आहे. वसईच्या तहानंतर इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी शिरूरास बसली होती. तेथून कॅप्टन स्टॉंटनची सुमारें आठशें माणसांची तुकडी रात्रभर चालून सकाळीं भीमेच्या कांठीं आली, तों पलीकडे बाजीरावाचें प्रचंड सैन्य. तुकडी कोरेगांवांत शिरली. नदी हांकेच्या अंतरावर, पण तिच्यापर्यंत जाण्याची वाट पेशव्यांच्या लोकांनीं रोखलेली. तुकडींतील महार व इतर शिपाई दिवसभर अन्नपाण्यावांचून लढले. अंधार पडूं लागला तेव्हां कोठें पाणी मिळालें. जय कोणाचा यावर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्या तहानेविषयीं मात्र कोणी फारसें लिहीत नाहीं.

दौंडचें महत्त्व रेल्वेनें वाढविलें. 1876 ते 1878 च्या दुष्काळांत दौंड-मनमाड मार्गाचें काम चाललें होतें, व 1878 सालीं तो खुला झाला. त्याच सुमारास खडकवासल्याचा कालवा या बाजूस आला. मग 1980 सालीं उजनीचें धरण पुरें झालें. 117 अब्ज घनफूट पाण्याच्या या सांठ्याचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत चढतो. ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊंस उभा राहिला आहे.

येथें आम्हां पुणेकरांस थोडें शरमून बोलावें लागतें. खडकवासल्याचें पाणी शहरास किती व दौंड-इंदापुरास किती, हा तंटा उन्हाळा आला कीं उपस्थित होतो, आणि शहर बहुधा आपला वांटा आधीं उचलतें. बदल्यांत आम्ही मुळामुठेंतून जें परत पाठवितों, तें रांजणगांव सांडसापाशीं भीमेंत उतरतें.

गेल्या माघांत आम्ही सिद्धटेकास गेलों होतों. पूर्वीं दौंडकडील यात्रेकरू शिरापुराहून होडीनें पैलतीरीं जात. आतां पूल आहे. पुलावर उभे राहून पाहिलें तों कांठालगत जलपर्णीचा हिरवा थर पसरलेला, आणि त्यांत एक जुनी होडी अडकून पडलेली. बरोबरच्या मुलानें विचारलें, "आजोबा, हीच का चंद्रभागा?" आम्हीं होय म्हटलें.