खेळण्यातला ट्रक, लोखंड आणि लिथियम

जून २०२४ मध्ये छत्तीसगडच्या कोरबा जिल्ह्यातील कटघोरा लिथियम क्षेत्राचा लिलाव पूर्ण झाला. देशातील लिथियमचा हा पहिला यशस्वी लिलाव होता. चर्चा झाली ती अर्थातच विजेवर चालणाऱ्या मोटारींची. पण याच राज्यात, भिलाईसारख्या पोलादनगरीतील हुडको वसाहतीत, एखादा हौशी माणूस आपल्या रिमोटच्या ट्रकसाठी बॅटरी निवडायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न लहान रूपात उभा असतो : कोणते रसायन, कशासाठी आणि किती जोखमीवर? बॅटरीच्या वेष्टनावरील आकडे वाचायचे, तर त्यांच्या मागचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

जुन्या मॉडेलांवर आढळणारा ७.२ व्होल्ट हा आकडाच घ्या. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट तयार केला. अशा एका घटाचा दाब १.२ व्होल्ट, सहा घट एकापुढे एक जोडले की ७.२ व्होल्ट होतात. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ही आपली पहिली रिमोटची मोटार बाजारात आणली आणि १९८०च्या दशकात सहा घटांचा लांबट संच या छंदात रूढ झाला. मोटारी, वेगनियंत्रक, चार्जर, सारे त्याच मापाने बनू लागले. पुढे विषारी कॅडमियम मागे पडले आणि निकेल-मेटल हायड्राइड आले. त्याच्या घटाचा दाबही १.२ व्होल्टच असल्याने जुनी गाडी काहीही न बदलता चालत राहिली.

१९९०च्या दशकात तामियाने १:१४ प्रमाणातील किंग हॉलरसारखे मालवाहू ट्रक आणले. शर्यतीची गाडी आणि हा ट्रक यांच्या गरजा मुळातच वेगळ्या आहेत. शर्यतीत प्रत्येक ग्रॅम भार वाटतो आणि मोटार क्षणार्धात प्रचंड विद्युतधारा मागते. ट्रक गिअरच्या मदतीने सावकाश ओढतो. मागच्या चाकांवरील थोडे वजन त्याची जमिनीवरील पकड वाढवते. तरीही बॅटरीबद्दलचा बहुतेक सल्ला शर्यतीच्या मैदानातून आला आणि ट्रकवाल्यांनी तो जसाच्या तसा उचलला. हलकी, जोरकस बॅटरी म्हणजे उत्तम बॅटरी, ही समजूत तिथूनच आली.

ती हलकी बॅटरी लिथियमची. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी पाया घातला, १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र दिला, १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी कार्बनचा ऋणाग्र वापरून घट सुरक्षित केला आणि १९९१ मध्ये सोनीने तो बाजारात आणला. तिघांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. याच कुळातील लिथियम-पॉलिमर संच आज या छंदात सर्वत्र दिसतो. त्याच्या घटाचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. मात्र तो ३ व्होल्टच्या खाली उतरला की घटाची कायमची हानी होते. निकेलच्या काळातील वेगनियंत्रकाला ही मर्यादा माहीतच नसते. तो घट रिकामा होईपर्यंत वीज ओढत राहतो. शिवाय कोबाल्ट ऑक्साइड फार तापले की स्वतःच ऑक्सिजन सोडते. म्हणूनच अशी आग बाहेरची हवा अडवूनही सहजी विझत नाही.

या अडचणीवरचे एक उत्तर लोखंडाने दिले. आयआयटी मद्रासमधून डॉक्टरेट घेतलेले अरुमुगम मंथिराम यांनी १९८०च्या दशकात गुडइनफ यांच्यासमवेत लोह सल्फेटसारख्या संयुगांचा अभ्यास केला. टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी १९९७ मध्ये लिथियम लोह फॉस्फेटचा धनाग्र मांडला. यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. तापमान वाढले तरी तो सहजासहजी सुटत नाही. किंमत मोजावी लागते ती ऊर्जेत : घटाचा दाब सुमारे ३.३ व्होल्ट, म्हणजे दोन घटांचे ६.६.

तामियाने ६.६ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-तासांचा असा संच विकला आहे. ट्रक सरासरी ४ अँपिअर घेत असेल तर तो सुमारे ३३ मिनिटे चालेल. ३००० मिलिअँपिअर-तासांचा निकेलचा संच ४५ मिनिटे. आकड्यांत लोह फॉस्फेट हरते. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो अशा गावात, घरातल्या मुलाच्या हाती द्यायच्या वस्तूचा हिशेब केवळ मिनिटांत करता येत नाही. जुना ट्रक असेल तर निकेल-मेटल हायड्राइड पुरेसे आहे. लिथियम हवेच असेल तर लोह फॉस्फेट घ्यावे. लिथियमच्या कोणत्याही संचाला कमी दाबावर थांबणारा वेगनियंत्रक हवा. चार्जरही त्याच रसायनाचा हवा, कारण लोह फॉस्फेटचा घट ३.६ व्होल्टच्या आसपास भरतो, त्याला ४.२ व्होल्टपर्यंत नेणे धोक्याचे. आणि कोणताही लिथियम संच चार्जिंगला लावून घराबाहेर पडू नये.

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. दल्ली-राजहराचे लोहखनिज तेथे पोलाद होऊ लागले, कारण खाणीबरोबर भट्टी आणि ती चालवण्याचे ज्ञानही देशात आले होते. कटघोऱ्याच्या लिथियमला तशी भट्टी अजून मिळायची आहे. लोह फॉस्फेटच्या इतिहासात भारतीय नावे आहेत, पण त्याच्या जागतिक उत्पादनाचा फार मोठा वाटा आज चीनकडे आहे. पुण्याच्या आयसरमध्ये सतीशचंद्र ओगले यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी सोडियमच्या घटांवर काम केले आहे, तेही या परावलंबनावरचेच एक उत्तर आहे. खनिज जमिनीत सापडणे ही सुरुवात झाली. हुडकोतल्या ट्रकमध्ये बसणारा घट देशातल्या खनिजापासून देशातच बनेल, त्या दिवशी ती बातमी पूर्ण होईल.