नागरी कळफलकाची कुळकथा

१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी देशाच्या मध्यभागातील कित्येक कचेऱ्यांचे पत्ते बदलले. नागपूरचे राजधानीपद गेले, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरात बसू लागले. मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हे नागपूरच्याच न्यायासनावरून तेथे गेले. न्यायमूर्तींची नावे इतिहासात राहतात. त्यांचा शब्द कागदावर उतरविणाऱ्या टंकलेखकाचे नाव कोठेही राहत नाही. राहते ते फक्त त्याच्या बोटांचे वळण, आणि ते कसे राहिले याचीच ही कथा आहे.

जबलपूरला मराठी भाषा नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस सागरच्या मराठी सुभेदारांनी हा मुलूख घेतला, १७९८ साली तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो जिंकला. पुढे १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग याच गावी एकमेकांस मिळाले. मागाहून तोफगाड्यांचा कारखाना आला, महाविद्यालये आली, न्यायालये आली. या प्रत्येकाबरोबर काही मराठी कुटुंबे नर्मदाकाठी येऊन स्थिरावली. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, अशी त्यांची दिनचर्या ठरून गेली. दोन्ही भाषांची लिपी एकच, तेव्हा एका यंत्रावर दोन्ही भाषा चालाव्यात, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे झाले नाही.

टंकलेखनयंत्र जन्मले ते अमेरिकेत, आणि तेही सव्वीस अक्षरांच्या लिपीसाठी. ख्रिस्तोफर शोल्स व त्याच्या सहकाऱ्यांचे यंत्र रेमिंग्टन या बंदुका बनविणाऱ्या कारखान्याने १८७४ साली बाजारात आणले. पहिल्या यंत्रावर इंग्रजीची केवळ मोठी अक्षरे उमटत. १८७८ च्या सुधारित यंत्राने एका कळीवर दोन अक्षरे बसविली आणि लहान अक्षरांची सोय केली. त्याच्या अक्षरांची चमत्कारिक मांडणी टंकांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून केली गेली, असे सर्वत्र सांगितले जाते. संशोधकांत याविषयी एकमत नाही. मांडणी गैरसोयीची आहे असे मात्र पुष्कळजण म्हणतात, आणि तरीही दीडशे वर्षे उलटल्यावर जग तिच्यावरच लिहीत आहे. एकदा वळण पडलेली बोटे वळण सोडीत नाहीत, ही गोष्ट नागरीच्या बाबतीतही पुन्हा दिसून आली.

या यंत्रावर साधारण चव्वेचाळीस ते शेहेचाळीस कळा, आणि प्रत्येक कळीवर दोन खुणा. म्हणजे सारी मिळून नव्वदीच्या आसपास चिन्हे. त्यांत स्वर, व्यंजने, काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरांतील अर्धी अक्षरे, विरामचिन्हे हा सगळा परिवार बसवायचा. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्यापुढे शेकडो घरांच्या पेट्या असतात, आणि नागरीला त्या शेकडोंची गरजही असते. टंकलेखकापुढे दहा बोटे आणि नव्वद खुणा. येथून काटकसर सुरू झाली.

रेमिंग्टन पद्धतीच्या हिंदी कळफलकात ही काटकसर ज्या युक्तीने साधली, ती खरोखर पाहण्यासारखी आहे. त, न, म, स, ल, ग अशी नित्याची अक्षरे एका कळीवर पूर्ण रूपात आणि तिच्याच वरच्या जागी अर्ध्या रूपात ठेवली. ख, घ, थ, ध, भ, श, ष, ण, क्ष यांच्यापुरती तेवढीही चैन परवडेना. ही अक्षरे अर्धीच ठेवली. पूर्ण अक्षर हवे असल्यास अर्धे अक्षर उमटवून त्यापुढे काना मारावयाचा. त्यामुळे काना हा केवळ आकाराचे चिन्ह राहिला नाही. निम्म्या वर्णमालेला उभे करणारा तो खांब झाला. स्वरांचेही तसेच. ‘आ’ म्हणजे अ आणि काना. ‘ओ’ म्हणजे त्यावर आणखी एक मात्रा. ‘ऐ’साठी ए वर मात्रा द्यायची. सर्वांत गमतीची युक्ती ‘ई’ची: ‘इ’ उमटवून तिच्या डोक्यावर रफार ठेवायचा. व्याकरणाच्या दृष्टीने हा सरळ अन्याय होता. डोळ्यांना मात्र अक्षर बिनचूक दिसे, आणि यंत्राला तेवढेच पुरे होते. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते. या कळफलकावर ती व्यंजनाआधी मारावी लागे. टंकलेखक शब्द ऐके एका क्रमाने आणि उमटवी दुसऱ्या क्रमाने. नवख्याला हे जड जाई. पाच-सहा महिन्यांनी त्याला याची जाणीवही राहत नसे.

आता हे सारे हिंदीच्या मापाने बेतलेले होते. त्यावर मराठी लिहू जाणाऱ्याची अडचण एका शब्दात सांगता येईल, आणि तो शब्द म्हणजे ‘आणि’. हिंदीतील ‘और’ उमटविण्यास चार आघात पुरतात. ‘आणि’साठी अ, काना, वेलांटी, अर्धा ण आणि पुन्हा काना असे पाच लागतात. मराठीत ‘ण’ पदोपदी येतो: पण, कोण, म्हणून, आपण. हिंदीत तो त्या मानाने विरळा, म्हणून त्याला पूर्ण जागा मिळाली नाही. ‘ळ’ वरच्या जागी गेला. तो होता हेच उपकार. ‘ल’ आणि ‘श’ उमटत ते हिंदी वळणाचे. मराठी डोळ्यांना सवयीचा पाकळ्यांचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ त्या टंकांत नव्हता. घरी पाठवायचे पत्र असे उमटले की ते परक्या हस्ताक्षरात लिहिल्यासारखे वाटे.

ही उणीव निदान केवळ रूपाची होती. अर्ध्या ‘र’ची उणीव अर्थाच्या मुळावर येणारी होती. मराठीत ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ हे दोन वेगळे उच्चार आहेत. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन निरोपांवर लग्नघरी दोन अगदी भिन्न माणसे दारी उभी राहतील. हिंदीला हा भेद ठाऊक नाही. म्हणून तिच्या कळफलकावर त्यासाठी खूण नाही. मराठी लिहिणाऱ्याने एकतर रफार मारून वाचकाच्या शहाणपणावर भार टाकावा, नाहीतर जागा मोकळी सोडून ती मागाहून लेखणीने भरावी, एवढेच त्याच्या हाती उरे.

यंत्र बदलत नाही तर लिपीच बदलावी, असा विचार त्या काळी पुष्कळांनी केला. सावरकरांनी आणि काकासाहेब कालेलकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली. अि, अी, अु, अू असे लिहिले म्हणजे स्वतंत्र स्वरचिन्हांची गरजच संपते, हा त्यातील हिशेब. १९५३ साली लखनौच्या परिषदेत आणखी एक पाऊल पुढे पडले: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे, आखूड दांड्याची काढावी असे ठरले. कागदावर ही सूचना तर्कशुद्ध होती. लोकांच्या डोळ्यांना मात्र ती रुचली नाही. ऱ्हस्व कोणती आणि दीर्घ कोणती हेच कळेना, आणि १९५७ साली ती मागे घेतली गेली. सुधारकांचा हेतू थोर होता, यात शंका नाही. परंतु शेहेचाळीस कळांच्या अडचणीसाठी कोट्यवधी वाचकांनी आपले डोळे बदलावेत, ही अपेक्षा उलट्या दिशेची होती. त्यापेक्षा ‘ई’वर रफार ठेवणारा तो अनामिक कारागीर अधिक व्यवहारी म्हणावा लागेल. त्याने लिपीला हात लावला नाही; यंत्राला तेवढे फसविले.

१९५५ साली मुंबईच्या गोदरेज कारखान्याने पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र तयार केले, आणि पुढील दशकांत गावोगावच्या न्यायालयांबाहेर लहान मेजांवर ही यंत्रे दिसू लागली. अशा ठिकाणी यंत्राला निवृत्ती नसते. फीत फिकी पडे, रूळ कडक होई, टंकांच्या पोकळीत शाई साचे. मग ‘व’ आणि ‘ब’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतील फरक वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखावा. एखादा दांडा किंचित वाकला की त्याचे अक्षर ओळीच्या वर-खाली होई. रोमन लिपीत असा दोष झाकला जातो. नागरीला शिरोरेषा आहे. ती एका अक्षराशी तुटली की सगळ्या ओळीला पायरी पडते. कॉनन डॉइलच्या शेरलॉक होम्सने १८९१ मधील एका कथेत टंकलिखित पत्रांतील झिजलेल्या अक्षरांवरून लबाडी पकडली होती. नागरी यंत्रांच्या बाबतीत होम्सला भिंगाचीही गरज पडली नसती. आपल्या यंत्राचा प्रत्येक दोष टंकलेखकाला पाठ असे: कोणत्या कळीवर बोट जोराने मारायचे, कोणती हलकेच दाबून सोडायची, कार्बनच्या चौथ्या प्रतीसाठी किती बळ लावायचे. दुसऱ्याच्या यंत्रावर बसला की त्याची गती निम्म्यावर येई.

संगणक आला तेव्हा ही सारी अडचण मुळातूनच नाहीशी झाली होती. संगणकाला दांडे नाहीत, नव्वद खुणांची मर्यादा नाही. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने भारतीय लिपींसाठी इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक प्रमाण ठरविला. १९९१ च्या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला; क आणि ख एका कळीवर, ग आणि घ दुसऱ्या. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी मान आहे, मराठीच्या ‘ऱ’ला स्वतःची जागा आहे, आणि ‘आणि’ तीन आघातांत उमटतो. वर्णमाला ज्याला येते त्याला हा कळफलक अर्धा आधीच येत असतो.

तरीही हिंदी प्रदेशातील कचेऱ्यांत घर केले ते कृतिदेव या अक्षरवळणाने, आणि त्याचे कारण एकच: त्याची मांडणी जुन्या रेमिंग्टनची होती. लोखंडी दांडे गेले, पण अर्धा ण आणि काना राहिला. कृतिदेवात लिहिलेला मजकूर संगणकाच्या लेखी मुळात नागरी नसतोच. तो इंग्रजी अक्षरांना नागरी मुखवटा चढविलेला असतो. ते वळण नसलेल्या संगणकावर तो कागद उघडला की मुखवटा गळून पडतो, आणि ‘आणि’च्या जागी व्ही, के, एफ, पूर्णविराम, के अशी निरर्थक रांग दिसते. दुसऱ्या गावी पाठविलेला अर्ज असा उघडला, म्हणजे दोष पाठविणाऱ्याचा की पाहणाऱ्याचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

आता न्यायालयाच्या आवारात टंकलेखनयंत्राच्या जागी पुष्कळदा जुना लॅपटॉप असतो. त्याच्या कळा चपट्या, खोली जेमतेम एक-दोन मिलिमीटर. कार्बनच्या चौथ्या प्रतीसाठी घडलेल्या बोटांना त्या पोरखेळ वाटतात आणि त्या आघातांनी लवकर थकतात. कळांवरची अक्षरे पुसली गेली तरी अशा टंकलेखकाचे काही अडत नाही, कारण ती इंग्रजी अक्षरे त्याच्या कामाची कधी नव्हतीच. अडते ते काना बिघडल्यावर. तो इंग्रजी ‘के’च्या कळीवर, उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली येतो. आकारासाठीही तोच, ख-भ-श-ण उभे करण्यासाठीही तोच. इतके ओझे एकाच कळीवर असल्यामुळे तिने आधी मान टाकावी यात नवल नाही. मग बाहेरून दुसरा कळफलक जोडायचा, तो लॅपटॉपवर आडवा ठेवायचा, आणि काम पुढे चालू ठेवायचे.

गोदरेजने २००९ साली टंकलेखनयंत्रांचे उत्पादन थांबविले. मध्य प्रदेशात २०१५ च्या सुमारास जुन्या टंकलेखन परीक्षेची जागा संगणक प्रावीण्याच्या परीक्षेने घेतली. शासनास वाटले असते तर त्या वेळी एकट्या इनस्क्रिप्टची सक्ती करता आली असती. पण ज्यांनी रेमिंग्टनवर बोटे घडविली, आणि ज्यांची नोकरी त्या बोटांच्या गतीवर अवलंबून होती, त्यांना विसरून चालण्यासारखे नव्हते. म्हणून हिंदी टंकलेखनासाठी रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट हे दोन्ही कळफलक परीक्षेत ठेवण्यात आले, आणि त्यांतून निवड करण्याचे काम उमेदवारावर सोपविले गेले.