फुकटचा वकील कुणाचा?

दोन महिन्यांपूर्वी बर्मिंगहॅमहून भाचीचा फोन आला. तिच्या घराच्या कर्जावरची ठरावीक व्याजदराची मुदत संपत आली होती आणि जावयांनी ते कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवायचं ठरवलं होतं. नव्या बँकेनं कळवलं होतं की कायदेशीर काम आमचे वकील करतील, त्यांची फी आम्ही भरू. भाची म्हणाली, "मामू, फुकट मिळतोय तो वकील घ्यायचा, की पैसे मोजून आपला करायचा? तुम्ही जुने दस्त वाचता, म्हणून विचारते."

मी वकील नाही. इतिहास शिकवण्यात नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर घराण्यांचे जुने कागद वाचायचा नाद लागला, एवढंच. त्यामुळे उत्तर देण्याआधी कागद वाचणारा माणूस जो पहिला प्रश्न विचारतो तो मी विचारला. "घर कुणाच्या नावावर आहे?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "यांच्या. पण घर घेताना माझे दागिने मोडले होते, मेहरचे पैसेही त्यातच गेले. हप्त्यात माझा पगारही जातो." आणि मग सहज सांगावं तसं म्हणाली, "बँकेच्या पाकिटात माझ्या सहीसाठी एक वेगळा कागद आहे. घरात राहणाऱ्या सज्ञान माणसाची संमती, असं काहीतरी."

हा लेख त्या कागदाबद्दल आहे. पण तिथं पोचण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

इंग्लंडमध्ये एके काळी जमिनीचे दस्त आणि कर्जरोखे लिहिणाऱ्यांना स्क्रिव्हनर म्हणत. कवी जॉन मिल्टनच्या वडिलांचा हाच व्यवसाय होता. आपल्याकडे कचेरीबाहेर बसणारा दस्तलेखक असतो तसेच हे, पण त्यांचं काम लिहिण्यावर संपत नसे. कुणाकडे पैसा पडून आहे आणि कुणाला गरज आहे हे त्यांना ठाऊक असे, आणि ते दोघांची गाठ घालून देत. म्हणजे सावकार आणि कर्जदार यांच्यामध्ये बसलेला माणूस एकच. तो नक्की कुणाचा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पुढं १८०४ साली पंतप्रधान पिट यांच्या सरकारनं स्टॅम्प कायदा केला. वकिलांच्या वार्षिक परवान्यावरचा कर वाढवला, आणि त्याच कायद्यानं मोबदला घेऊन जमिनीचे दस्त तयार करण्याचा हक्क सनदी वकिलांपुरता राखून ठेवला. सरकारला महसूल मिळाला आणि वकिलांना मक्तेदारी. ती जवळपास १८० वर्षं टिकली. घर घेणाऱ्यानं सॉलिसिटरकडे जायचं आणि तो सांगेल ती फी द्यायची, हीच रीत. १९८३ मध्ये ऑस्टिन मिचेल या खासदारानं ही मक्तेदारी मोडण्यासाठी विधेयक आणलं. त्या दबावातून १९८५ चा कायदा झाला आणि वकील नसलेल्या पण परवाना घेतलेल्या दस्ततज्ज्ञांना हे काम खुलं झालं. स्पर्धा आली, फी उतरली. बँकांना आणि बिल्डिंग सोसायट्यांना स्वतःच हे काम करू द्यावं, असाही विचार त्या काळात पुढं आला होता. बँका थेट त्यात उतरल्या नाहीत. त्यांनी आपापल्या पसंतीच्या वकिलांच्या याद्या केल्या. कर्ज दुसरीकडे वळवणाऱ्याला आज जो फुकट वकील मिळतो, तो या यादीतला.

तो फुकट का? कारण काम सोपं आणि ठोक असतं. मालक तोच, घर तेच. जुनं कर्ज फेडायचं, जुन्या बँकेचा बोजा उतरवायचा, नव्या बँकेचा चढवायचा. एकेका कार्यालयात अशी ढीगभर प्रकरणं एकाच साच्यातून निघतात. बँकेला ते स्वस्त पडतं, आणि ग्राहकही पटकन येतो. यात फसवणूक काही नाही.

मात्र या वकिलाचा अशील बँक आहे. पुष्कळदा फक्त बँक. कर्जदाराचा आणि बँकेचा वकील एकच असेल, तरी कायदा काय म्हणतो ते पाहा. १९९५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं मॉर्गेज एक्सप्रेस विरुद्ध बॉवरमन या खटल्याचा निकाल दिला. खरेदीदाराचा आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचा वकील एकच होता. फ्लॅटची किंमत २,२०,००० पौंड लावलेली. काम करताना वकिलाला समजलं की विकणारा तोच फ्लॅट १,५०,००० पौंडांना घेतोय. त्यानं हे खरेदीदाराला सांगितलं, कर्ज देणाऱ्याला सांगितलं नाही. न्यायालय म्हणालं, सांगायला हवं होतं. एक वकील दोघांचा झाला, की दोघांचं ऋण त्याच्या डोक्यावर बसतं.

आता भाचीच्या कागदाकडे येऊ.

इंग्लंडमध्ये १८८२ पर्यंत विवाहित स्त्रीची स्वतंत्र मालमत्ता ही कल्पनाच मुळी लंगडी होती. लग्न झालं की तिचा पैसाअडका नवऱ्याचा आणि तिच्या जमिनीचा ताबाही नवऱ्याकडे. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी हे बदललं. आपल्याकडे हे सांगितलं की लोक अभिमानानं म्हणतात, शरियतनं स्त्रीला हा हक्क कितीतरी आधी दिला. खरं आहे. लग्नानंतरही तिची मालमत्ता तिचीच राहते, मेहर तिचाच. पण कायद्यात हक्क असणं आणि दस्तावर नाव असणं यात अंतर असतं, आणि ते अंतर आपल्या घरांतही आहे आणि इंग्लंडच्याही.

१९८० साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर बोलंड खटला आला. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होतं, पण खरेदीत बायकोचाही पैसा होता. नवऱ्यानं धंद्यासाठी घर बँकेकडे गहाण टाकलं. बँकेनं घरात राहणाऱ्या बायकोला काही विचारलं नाही. कर्ज थकलं आणि बँक ताबा मागायला आली. लॉर्ड विल्बरफोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की तिचा पैसा घरात आहे आणि ती घरात राहते, म्हणून नोंदवहीत नाव नसलं तरी तिचा हक्क बँकेला बांधून ठेवतो. त्या निकालाचा आधार १९२५ चा जमीन नोंदणी कायदा होता. २००२ च्या नव्या कायद्यातही प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या हक्काला काही अटींसह जागा आहे.

बँका यातून धडा शिकल्या. त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही घेऊ लागल्या. माझा या घरात काही हक्क असला, तर तो बँकेच्या कर्जानंतरचा धरावा, असं त्या कागदाचं सार. बोलंडच्या बायकोला न्यायालयानं जे दिलं, ते या एका सहीनं बँकेपुरतं परत जातं. भाचीच्या पाकिटातला कागद हाच.

त्यानंतर प्रश्न आला तो सही कशी घेतली याचा. १९९३ च्या ओब्रायन खटल्यात नवऱ्यानं बायकोला सांगितलं होतं की जामीनकी ६०,००० पौंडांची आहे आणि तीन आठवड्यांपुरती. प्रत्यक्षात रक्कम १,३५,००० होती. बँकेच्या कर्मचाऱ्यानं कागद समजावून सांगितला नाही. तिच्यावरचा तो बोजा न्यायालयानं रद्द केला. २००१ मध्ये एट्रिज खटल्यात लॉर्ड निकल्स यांनी रीतच घालून दिली. नवऱ्याच्या कर्जाला बायको जामीन राहत असेल, तर वकिलानं तिला समोरासमोर भेटावं, नवरा तिथं नसावा, धोका सोप्या भाषेत सांगावा, आणि सही करायची की नाही ही निवड तिची आहे हेही सांगावं. तो वकील नवऱ्याचाही असला तरी चालेल, पण हितसंबंधांचा पेच दिसला की त्यानं बाजूला व्हावं.

भाची जामीन राहत नव्हती, त्यामुळे हा नियम तिला जसाच्या तसा लागू नव्हता. पण तिला हवं होतं ते नेमकं हेच, बंद दाराआड अर्धा तास आणि फक्त तिचा माणूस.

मग मी तिला जे सांगितलं ते असं. घर तुम्हा दोघांच्या नावावर असतं आणि फक्त बँक बदलायची असती, तर फुकटचा वकील खुशाल घे म्हटलं असतं. तिथं जादा पैसे देऊन हाती फार काही लागत नाही. पण तुझं नाव दस्तावर नाही. नाव चढवणं हे वेगळं काम आहे. बँकेच्या फुकट योजनेत ते सहसा येत नाही, किंवा त्याची वेगळी फी लागते. त्याला बँकेची परवानगी लागते. नाव चढलं की कर्जही तुझं होतं, आणि अर्धं नव्हे, बँक पूर्ण कर्ज तुझ्याकडे मागू शकते. कर्जाचा वाटा अंगावर घेतल्यामुळे मुद्रांक कर लागू शकतो. नाव न चढवता हिश्शाचा वेगळा करारही करता येतो. यातलं काय बरं, हे बँकेचा वकील तुला सांगणार नाही, कारण ते त्याचं कामच नाही.

बिनव्याजी पद्धतीनं घर घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये अशा व्यवहारात बँक आधी घर विकत घेते, मग ग्राहकाला देते. दोन खरेद्या म्हणून मुद्रांक करही दोनदा लागे. ती अडचण २००३ च्या वित्त कायद्यानं दूर केली. पण या पद्धतीत घर बहुधा बँकेच्या नावावर राहतं आणि ग्राहक भाडेकरू आणि भागीदार दोन्ही असतो. तिथं स्वतःचा वकील हवाच. व्यवहार हलाल आहे, म्हणून कागद न वाचता चालतो असं नाही.

भाचीनं विचारलं, "हे रागावले तर? विश्वास नाही असं वाटेल त्यांना."

तेव्हा मी तिला तिच्या आजीची गोष्ट सांगितली. माझे नाना वारले तेव्हा मी लहान होतो. आमची आई माहेरी गेली, मामांनी ओटीवर सगळ्या बहिणींना बसवलं. वकील त्यांनीच आणलेला. हक्कसोडपत्र तयार होतं. आईला वाचता येत होतं, पण वाच म्हणून कुणी कागद पुढं केला नाही, आणि तिनंही मागितला नाही. भावावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणून. शरियतनं ठरवून दिलेला हिस्सा एका सहीत गेला. सातबारावर आजही मामांच्या घरच्यांचीच नावं आहेत. मामा वाईट नव्हते. दर ईदला आईला कपडे पाठवत. वकीलही खोटं काही बोलला नाही. तो मामांचा होता, एवढंच.

आपल्याकडे आज घरकर्ज घेतानाही हेच घडतं. बँकेच्या यादीतला वकील जुन्या नोंदी शोधतो, त्याची फी आपण भरतो, आणि अहवाल बँकेच्या नावे जातो. माझ्या धाकट्या भावानं त्याची प्रत मागितली तेव्हा ती आमच्या कामासाठी आहे, असं उत्तर मिळालं. बँकेनं पास केलं म्हणजे जागा निर्वेध, असं आपण धरून चालतो. बँक आपलं कर्ज किती सुरक्षित आहे ते पाहते. एखाद्या बहिणीचा हिस्सा राहून गेलाय का, उद्या तुमच्या दारात कोण येईल, याची काळजी आपल्याला आपल्या वकिलाकडूनच करून घ्यावी लागते.

भाचीनं त्या संमतीवर अजून सही केलेली नाही. कर्जाचं काम बँकेच्या फुकट वकिलाकडेच ठेवलं, आणि स्वतःपुरता एक सॉलिसिटर केला. त्याच्याकडे जावईच तिला गाडीनं घेऊन गेले. सॉलिसिटरनं त्यांना बाहेर बसायला सांगितलं. तासाभरानं ती बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"माझं नाव लावायचंय," ती म्हणाली.

"मग आधी का नाही बोललीस?" ते म्हणाले.