कर्जत-खालापुरातून अरबी समुद्राकडे

भूपट्टांच्या शास्त्राची पुस्तके बहुधा अटलांटिक महासागरापासून सुरू होतात. मराठी विद्यार्थ्याने मात्र कर्जत-खालापूरपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. या दोन्ही तालुक्यांना किनारा नाही, तरी अरबी समुद्र कसा उघडला हे समजून घ्यायला इथला कातळ फार मोलाचा आहे.

बोरघाटात रस्त्यासाठी कापलेली दरड नीट पाहा. काळ्या बेसॉल्टचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे. मध्येच एखादा विटकरी पट्टा लागतो. लाव्ह्याचा एक लोट थंड झाला, ऊनपावसाने झिजला, त्यावर माती धरली आणि पुढच्या लोटाने ती भाजून काढली, असा त्या पट्ट्याचा अर्थ. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी ठेवलेल्या पोकळ्यांत पांढरे झिओलाइट भरलेले असते. हे लोट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा भारताचा भूपट्ट आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्रोतावरून उत्तरेकडे सरकत होता.

पनवेलच्या बाजूला गेलात की लाव्ह्याचे थर समुद्राकडे कलू लागतात. या वाकणीला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. कोकणपट्टीत उत्तर-दक्षिण धावणाऱ्या डाइकही आहेत, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती. जमीन पूर्व-पश्चिम ताणली गेली, तरच अशा भेगा पडतात. सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला तो याच काळात, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी. मधल्या जागेत कार्ल्सबर्ग या सागरी पर्वतरांगेतून नवा तळ तयार होत गेला आणि आज सेशेल्स मुंबईपासून तीन हजारांहून अधिक किलोमीटरवर आहे.

या शास्त्राचा एक मोठा पुरावा आपल्याच समुद्रातून आला, हे मराठीत फारसे सांगितले जात नाही. फ्रेड वाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये सागरतळ दोन्ही बाजूंना पसरतो याचा चुंबकीय पुरावा मांडला, तो याच कार्ल्सबर्ग रांगेवरच्या मोजणीच्या आधारे.

खंडाची तुटलेली कड पुढे पावसाने आणि नद्यांनी कोरत पूर्वेकडे मागे नेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उल्हास आणि पाताळगंगेची खोरी त्यातूनच रुंदावली. माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड हे त्या झिजेतून मागे उरलेले डोंगर. ही झीज थांबलेली नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि अनेक कुटुंबे गाडली गेली. या डोंगरांच्या पायथ्याशी वस्त्या आहेत, म्हणून हे शास्त्र इथल्या लोकांच्या उपयोगाचे आहे आणि ते मराठीत शिकवले गेले पाहिजे.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी एकदा कर्जतहून खंडाळ्यापर्यंत रेल्वेने जा. जादा इंजिने जोडली जाईपर्यंत कर्जतला गाडी थांबते, तेवढ्यात खिडकीजवळची जागा धरा आणि घाट चढताना कातळाचे थर मोजत जा.