‘छऱ्यांचा गोंगाट’ : एका संज्ञेचा इतिहास

१९१८ साली वाल्टर शॉट्की या जर्मन शास्त्रज्ञाने असे दाखविले की, निर्वात नळीतील विद्युत्प्रवाह वरकरणी अखंड भासला तरी तो सुट्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला असल्यामुळे त्यात अटळ चढउतार असतात. या परिणामाला त्याने दिलेल्या नावातील ‘श्रोट’ हा जर्मन शब्द बंदुकीच्या छऱ्यांचा वाचक होय. इंग्रजीतील ‘शॉट’ हे त्याचेच भाषांतर, शॉट्कीच्या आडनावाचे संक्षिप्त रूप नव्हे.

१९६० साली लेसर अवतरला व त्याच्या मापनातही हीच संज्ञा रूढ झाली. परंतु मोजलेला गोंगाट प्रकाशकणांचा की लेसरच्या अस्थैर्याचा, हे ओळखावे कसे? त्यासाठी किरणशलाका अर्धपारदर्शक आरशाने समान दुभागून दोन संवेदकांवर टाकतात व त्यांच्या प्रवाहांची वजाबाकी करतात. अस्थैर्य दोहोंकडे सारखेच असल्याने फिटते. उरतो तो छऱ्यांचा गोंगाट. शलाकेची शक्ती दुप्पट केली असता या गोंगाटाची शक्ती दुप्पटच होते. अस्थैर्यजन्य गोंगाटाची मात्र चौपट होते.

ही सीमा निसर्गानेच घालून दिली आहे, असे यावरून वाटेल. तथापि १९८५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्लशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विशेष रीतीने सिद्ध केलेल्या प्रकाशाचा गोंगाट त्या सीमेखाली सुमारे ७ टक्के उतरलेला मोजला. तात्पर्य, ही सीमा प्रकाशमात्राची नसून, ज्याचे कण परस्परनिरपेक्षपणे येतात अशा प्रकाशाची आहे. छऱ्यांची उपमाही तेवढ्यापुरतीच खरी. संज्ञा वापरणाऱ्याने तिची ही मर्यादा ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.