नकलेचें मूळपण

नक्कल ही मुळाहून हीनच असावयाची, असा आपला समज असतो. संगीतयंत्रांचा इतिहास त्यास दुजोरा देत नाहीं.

जपानच्या रोलँड कंपनीनें १९८१ सालीं 'टीबी-३०३' हें विजेचें वाद्य काढलें, तें बास गिटारची साथ यंत्राकडून मिळावी म्हणून. ती नक्कल साधली नाहीं आणि १९८४ सालीं उत्पादन थांबलें. परंतु तेंच यंत्र स्वस्तांत शिकागोच्या तरुणांच्या हातीं पडलें, आणि १९८७ च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'पासून त्याच्या वळवळत्या स्वरांनीं नव्या नृत्यसंगीतास नांव दिलें. मुंबईच्या चरणजित सिंग यांनीं तर १९८२ सालींच डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवितांना त्याचा उपयोग केला होता.

पुढें यंत्र दुर्मिळ झालें, तेव्हां स्वीडनच्या प्रॉपेलरहेड कंपनीनें १९९७ सालीं 'रीबर्थ' ही त्याची संगणकी प्रतिकृति काढली. ज्यांस मूळ यंत्र परवडत नव्हतें, त्यांचा कान तिच्यावर घडला. २००५ सालीं तिची विक्री थांबली. टॅबलेटवरील आवृत्तीही रोलँडच्या आक्षेपामुळें २०१७ सालीं मागें घ्यावी लागली. आज तिच्याहून सूक्ष्म प्रतिकृति मिळतात. तरी तिचे चाहते सरले नाहींत.

हें केवळ गतकालाचें प्रेम नव्हे, असें आम्हांस वाटतें. ज्या स्वरावर कान घडतो तोच त्यास प्रमाण होतो, आणि नकलेंतील उणीवच तिची ओळख बनते. मात्र सतारीची तुटलेली तार बदलतां येते. संगणक बदलला कीं असें वाद्य मुकें होतें. म्हणून या नकलांचेंही जतन आपण मूळ वाद्यांइतक्याच आस्थेनें केलें पाहिजे.