तोरणात झेंडू आला कधी?

अंबरनाथच्या शिवमंदिरात लोक शिल्पं बघायला जातात, मी दारं बघते. उत्तरेकडच्या दारावर शिलालेख आहे. शके 982, म्हणजे इसवी सन 1060, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. अंबरनाथचा लिखित इतिहास असा दारावरूनच सुरू होतो. महाशिवरात्रीच्या जत्रेत वालधुनीच्या काठी पाय ठेवायला जागा नसते आणि जिकडे तिकडे झेंडूच झेंडू. एकदा माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ मुलाला सांगत होते, ‘‘बघ, हजार वर्षांपासून हे असंच सजवतात.’’

मी शाळेत शिकवायचे, त्यामुळे जीभ शिवशिवली. पण जत्रेत कोणाला दुरुस्त करत बसायचं!

मुम्मुणीच्या पाथरवटांनी झेंडू कधी डोळ्यांनीसुद्धा पाहिलेला नव्हता. तो मूळचा मेक्सिकोचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इकडे आले आणि त्यांच्या मागोमाग तोही आला. देवळाच्या आवारात हमखास दिसणारा खुरचाफा अमेरिकेतलाच. आणि दृष्ट लागू नये म्हणून आपण दारावर जी लिंबू-मिरची टांगतो, त्यातली मिरचीही तिकडचीच. 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा महाराष्ट्रातल्या एकाही दारावर झेंडू नव्हता. गंमत म्हणजे मेक्सिकोत हे फूल मृतांच्या सणाचं. पितरांना घरची वाट सापडावी म्हणून तिथले लोक त्याच्या पाकळ्या उंबऱ्यापर्यंत पसरतात. आपण तेच फूल उचललं आणि पाडव्याच्या दाराला बांधलं.

मग झेंडूच्या आधी दारावर होतं काय? पान. आंब्याचं पान. श्रीमंतांनी आणि राजांनी तोरणं दगडात केली. सांचीच्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचं नाव आजही वाचता येतं. बाकीच्यांचं तोरण दर सणाला नवं करायचं आणि वाळलं की टाकायचं, त्यामुळे त्याचा पुरावा मागे उरला नाही. उरली ती फक्त करायची रीत, आणि ती मला ठाऊक आहे.

माझं बालपण अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समधलं. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी वडील काथ्याची दोरी घेऊन ओट्यावर बसत. दोरी चौकटीपेक्षा हातभर लांब. दोन्ही अंगठ्यांनी पीळ उलटा फिरवला की दोन पदरांमध्ये फट पडते. त्या फटीत पानाचा देठ सरकवायचा आणि पीळ सोडून द्यायचा. दोरी आपसूक देठ आवळून धरते. सुई नको, गाठ नको. आंब्याच्या देठाचं बूड जरा फुगीर असतं, म्हणून ते निसटत नाही. वडाचं किंवा पिंपळाचं पान असं टिकत नाही, हे मी करून पाहिलेलं आहे. पानं निवडण्यावरून मात्र आमच्याकडे दरवर्षी वाद व्हायचा. चैत्रातली तांबूस पालवी दिसायला देखणी असते, म्हणून आम्ही मुलं तीच तोडून आणायचो. वडील ती बाजूला सारत. कोवळं पान दुपारच्या उन्हात मान टाकतं. तोरणाला हवं गेल्या वर्षीचं जून, गडद, चामड्यासारखं पान. ते वाळलं तरी आकार सोडत नाही.

झेंडू आईकडे असायचा, कारण त्याला सुई लागते. माझा आपला एक अंदाज आहे. झेंडू दारात आला तेव्हा तोरण वळण्याच्या कामातून ओवण्याच्या कामात गेलं, आणि पुरुषांच्या हातातून हळूहळू निसटलं. पुरावा काही नाही, फक्त आमचा ओटा. तरी अंदाज मागे घेणार नाही.

आजोळ मुरबाडकडचं. तिकडे पाडव्यापेक्षा दसऱ्याच्या दाराचं महत्त्व जास्त. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुरडूची गुलाबी-पांढरी फुलं आणि आंब्याचं पान एकत्र बांधून चौकटीला लावायचं. त्याला ‘नवं’ म्हणतात. कुरडू म्हणजे शेताच्या बांधावरचं तण, त्याला कोणी पेरत नाही. झेंडूच्या आधीच्या दाराची कल्पना करायची झाली, तर मला हे ‘नवं’च डोळ्यांसमोर येतं. पिकातलं थोडं, रानातलं थोडं, विकतचं काही नाही.

पुढे मी नोकरीला लागले उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात. तिथल्या दारांची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसं राहायला आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हास नदीचं नाव दिलं. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकी, मधे गोणपाटाचे पडदे. पडद्याला तोरण कुठे बांधणार? माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजी सांगायच्या की, पहिल्या वर्षी त्यांनी चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, बराकीच्या सामाईक दारावरच पानं खोचली होती, सगळ्यांची मिळून. चेटीचंड आपल्या पाडव्याच्या आसपासच येतो, बहुधा दुसऱ्या दिवशी. झूलेलालच्या मिरवणुका निघतात, बहराणा, म्हणजे दिवा आणि नैवेद्याचं ताट, पाण्याकडे नेतात. त्यामुळे कॅम्पातली तोरणं दोन्ही सणांना पुरायची. काल तुमचं, आज आमचं.

याच उल्हासनगरात तोरण कारखान्यात गेलं. मण्यांचं, जरीचं, नंतर प्लास्टिकच्या पानांचं आणि कापडी झेंडूचं. आमच्या पिढीच्या बायकांनी त्याआधी लोकरीची तोरणं विणली होती, मधोमध ‘सुस्वागतम्’, आणि ती वर्षानुवर्षं दारावर धूळ खात लटकली होती. म्हणून मला प्लास्टिकला नाकं मुरडायचा फारसा अधिकार नाही. हातात काही नसताना आलेल्या माणसांनी घरात बसून ओवायचं, चिकटवायचं, शिवायचं काम उभं केलं. त्यात मण्यांचं तोरणही आलं. तरी स्पष्ट सांगते, बारा महिने हिरवं असणारं पान मला आवडत नाही. सण संपल्यावर ते उतरवावंसंच वाटत नाही, मग पुढचा सण आल्याचं कळणार कसं?

1999 साली डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानने पाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि बघता बघता ते लोण अंबरनाथ-बदलापूरपर्यंत आलं. तोरण घराच्या चौकटीवरून सोसायटीच्या गेटवर गेलं ते त्यानंतर. आमच्या बदलापूरच्या इमारतीत आता सेक्रेटरी फुलवाल्याला गेटची रुंदी कळवतात. झेंडू जुन्नर-ओतूरकडून माळशेज उतरून कल्याणच्या बाजारात येतो, तिथून टेम्पोने आमच्याकडे. काम चोख असतं. फक्त त्यात आंब्याचं पान आता मोजकंच असतं, कोपऱ्याला चवीपुरतं.

घरच्या दारासाठी पानं मी अजून स्टेशनबाहेरच घेते. आदल्या सकाळी वांगणीकडून ठाकर आणि कातकरी बायका लोकलने येतात, डोक्यावर डहाळ्यांचे भारे, कडुनिंब वेगळा बांधलेला. बदलापूरच्या वाड्यांमधली आंब्याची झाडं इमारतींखाली गेली, म्हणून ही पानं लांबून यावी लागतात. या बायका नसत्या तर अर्ध्या शहराच्या दाराला पान लागलं नसतं. तोरणावर लिहिणारे धर्मशास्त्र सांगतात, पंचपल्लवांची यादी देतात, पण डहाळी कोणी तोडली याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. मी एकदा एका मावशींना विचारलं, तुमच्या दाराला पाडव्याचं तोरण बांधता का?

‘‘आमचं नव्याला असतंय बाई, भाताचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्यो आंबा तुमच्यासाठी. आन् कवळी नका उचलू, दुपारपर्यंत सुकतील. ही जून घ्या. दहाला जुडी.’’